कागद हातात असला म्हणून काय झाले?

(तालुका कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. आमच्या हातात हा कागद आहे आणि तो पाहूनच आम्ही बोलणार आहोत. कागद बाहेर निघाल्याबरोबर मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी एकमेकांना कोपर मारले, तेही आम्ही पाहिले. म्हणजे कागद हातात असला तरी समोरचे दिसते, एवढे तर सिद्ध झाले.

आपल्याकडे एक समजूत पक्की बसली आहे. वक्ता म्हणजे ज्याच्या हातात कागद नाही तो. उभा राहिला, बाह्या सरसावल्या, माईक जवळ ओढला आणि दीड तास सुटला, की लोक म्हणतात, 'गडी बोलतो बुवा!' दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचारा, काय बोलला? 'लई जोरदार बोलला' यापलीकडे कोणाला काही सांगता येत नाही. आणि एखाद्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला की मांडवात चुळबूळ सुरू. 'कोणी तरी लिहून दिलंय.' 'शाळेतल्या पंधरा ऑगस्टसारखं वाचतंय.'

ही चुळबूळ अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. कागदात तोंड खुपसून, एका सुरात, श्वास संपेल तिथे थांबणारा माणूस आम्हीही ऐकला आहे. ते ऐकणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोट हाकणे. आवाज तेवढा होतो, पन्हाळात काही पडत नाही. पण त्यात दोष कागदाचा नसतो. कागद कसा लिहावा आणि कसा वाचावा हे आपल्याला कोणी शिकवलेच नाही. आजचे बोलणे तेवढ्यापुरतेच आहे.

पारावरच्या सभेत कागद नसला तरी चालते. तिथे माणसे आपली, वेळ आपला, चुकले तर समोरचा दुरुस्त करतो. पण अलीकडे आपल्याला बोलावे लागते ते वेगळ्याच जागी. कधी सुनावणी असते, कधी बँकेच्या लोकांसमोरची बैठक, कधी पीक विम्याच्या तक्रारीची समिती, कधी एखादा आयोग. टेबलापलीकडे चार जण, एक लिहून घेणारा, भिंतीवर घड्याळ. 'तुम्हाला पाच मिनिटे आहेत,' असे सांगितले जाते आणि त्यातले एक मिनिट नाव-गाव सांगण्यात जाते. आपली बाजू कागदावर जाते ती या पाच मिनिटांत. गेली नाही तर पुढच्या वर्षापर्यंत नाही.

आमचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी कापसाच्या खर्चावर एक सुनावणी होती. आम्ही सोळा गावे फिरलो होतो. बियाण्यापासून वेचणीपर्यंत एकेका एकराचा खर्च वहीत उतरवून घेतला होता. वही पिशवीत आणि पिशवी खुर्चीखाली. आम्हाला वाटले, एवढे सगळे तोंडपाठ आहे, कागद कशाला? उभे राहिलो आणि पावसापासून सुरुवात केली. मग दुबार पेरणी, मग बोंडअळी, मग व्यापारी. आवाज चांगला लागला होता. चौथ्या मिनिटाला टेबलापलीकडून एक साधा प्रश्न आला : 'एकरी उत्पादन किती धरलेत?' आम्ही म्हणालो, चार क्विंटल. ते म्हणाले, सुरुवातीला पाच म्हणालात. मग विचारले, 'खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरली आहे का?' आम्ही म्हणालो, 'धरली आहे.' त्याच वेळी मागून आमचाच माणूस म्हणाला, 'नाही धरली.' साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त पेन खाली ठेवले.

पुढे इतिवृत्ताची प्रत हाती आली. सोळा गावांचे एक वाक्य झाले होते : शेतकरी प्रतिनिधींनी उत्पादन खर्च वाढल्याचे सांगितले. बस्स. वहीतला एकही आकडा त्यात नव्हता, कारण तो आम्ही नीट सांगितलाच नव्हता.

आता यात नुसती आमची लाज गेली असती तर काही बिघडले नसते. पण खर्च हा शब्द किती निसरडा आहे ते पाहा. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हिशेबात खर्च एक नाही. खिशातून गेलेला पैसा, म्हणजे बी, खत, औषध, मजूर, डिझेल, हा एक खर्च. त्याला ते ए-दोन म्हणतात. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याचे मोल मिळवले की दुसरा खर्च. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज मिळवले की तिसरा. तो सी-दोन. सरकार २०१८ सालापासून खर्चाच्या दीडपट भाव दिल्याचे सांगते, तेव्हा दीडपट करताना दुसरा खर्च धरलेला असतो, आणि आपण ओरडतो ते तिसऱ्या खर्चासाठी. बोलण्याच्या भरात नुसता 'खर्च' असा शब्द तोंडातून गेला, की टेबलापलीकडचा माणूस म्हणतो, 'मग दीडपट तर दिलेच आहे की!' आणि आपण घाम पुसत बसतो. म्हणून तीन खर्चांपैकी कोणता, हे कागदावर लिहिलेले असले पाहिजे आणि ते तसेच्या तसे वाचले गेले पाहिजे.

देशाचे अर्थमंत्री अंदाजपत्रक वाचूनच दाखवतात. २४ जुलै १९९१ चे डॉ. मनमोहनसिंगांचे अंदाजपत्रकी भाषण आजही लोकांच्या आठवणीत आहे. आवाज हळू, हातवारे नाहीत, कागद हातात. त्यांना बोलता येत नाही म्हणून वाचतात, असे कोणी म्हणाले नाही. आकडा चुकला तर देशभर गोंधळ होतो, म्हणून वाचायचे. मग आपला आकडा चुकला तर काही होत नाही, असे आपणच का समजायचे?

आणि हे आपल्या घरातलेही आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. पुस्तक पुढे केव्हा तरी छापून येईल आणि मग लोक वाचतील, अशी वाट पाहत ते बसले नाहीत. लिहून होईल तसे त्यांनी ते पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते त्यांच्या तोंडून ऐकले. प्रस्तावनेत त्यांनीच हे नोंदवून ठेवले आहे. ऐकणाऱ्यांत अक्षर न येणारे किती असतील याचा विचार करा. त्या माणसांपुढे कागद हातात घेऊन बसण्याची जोतिरावांना लाज वाटली नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे त्यांनी शिक्षणाबद्दल निवेदन दिले तेही लेखी. लेखी होते म्हणून आज आपल्याला ते वाचता येते.

आता वाचायचे कसे, याकडे येतो.

श्रावणात आपल्या गावांत पोथी लागते. हरिविजय असेल, पांडवप्रताप असेल, नवनाथ भक्तिसार असेल. एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. वाचणारा ओवी पुरी करून थांबतो. अर्थ सांगणारा समोर पाहतो आणि म्हणतो, 'म्हणजे काय झालं, तर...' दिवसभर निंदण करून वाकलेल्या बाया आणि डवरे हाकून आलेले गडी रात्री अकरापर्यंत डोळे उघडे ठेवून बसतात. पोथी तर सबंध वेळ समोर उघडी असते. 'याला पाठ नाही' असे कोणी म्हणत नाही. मग आपल्या लोकांना वाचलेले ऐकायला आवडत नाही, हे कुठे खरे आहे? अर्थ सांगणारा नसला की ते कंटाळतात.

भाषण वाचणाऱ्याला ही दोन्ही माणसे एकट्याने व्हावे लागते. डोळे कागदावर असतील तेव्हा तो पोथी वाचणारा, डोळे वर आले की अर्थ सांगणारा. यातला नेम एकच. डोळ्यांनी ओळ उचला, मान वर करा, समोरच्या एका माणसाकडे पाहा, आणि मग बोला. मान खाली असताना तोंड उघडायचे नाही. ओळ संपली की पुन्हा खाली पाहा, पुढची ओळ उचला. मधे जी गप्पता येते तिची भीती वाटते. आपल्याला वाटते, किती वेळ गेला, लोक हसतील. प्रत्यक्षात तो एक श्वास असतो. तेवढ्यात ऐकणारा मागची ओळ गिळून घेतो. पोथीत ओवी संपल्यावर थांबतात, तेवढेच हे थांबणे.

आपल्या भाषेची एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. मराठी वाक्याचा जीव शेपटाला असतो. 'कापसाला हमीभाव मिळाला' इथपर्यंत ऐकून काहीच कळत नाही. पुढे 'पाहिजे' येते की 'नाही' येते, यावर सगळे. आणि कच्चा वाचणारा नेमके तिथेच मारतो. वाक्य संपायच्या आत त्याचे डोळे पुढची ओळ शोधायला खाली जातात, डोळ्यांबरोबर मान जाते, मानेबरोबर आवाज जातो, आणि 'नाही' कागदाच्या पोटात शिरते. समोरच्याने ऐकले काय? कापसाला हमीभाव मिळाला! म्हणून शेवटचा शब्द पुरता बाहेर पडून समोरच्याच्या कानावर आदळेपर्यंत नजर खाली आणू नका. एवढे एक जमले तरी निम्मे काम झाले.

पण हे जमायचे तर कागद तसा लिहिलेला पाहिजे. आपण निवेदन लिहितो आणि तेच भाषण म्हणून वाचायला घेतो, इथे घोडे पेंड खाते. निवेदन डोळ्यांसाठी असते. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास विनंती करण्यात येते की, चालू खरीप हंगामात झालेल्या अतिवृष्टीमुळे बाधित झालेल्या कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या शेतांचे पंचनामे अद्यापपावेतो न झाल्याने...' हे वाक्य मान वर करून कोणी बोलून दाखवावे. बैल या धुऱ्यावर आणि औत त्या धुऱ्यावर, अशी त्याची गत आहे. तोंडासाठी लिहायचे तर असे लिहा :

सप्टेंबरात आठ दिवस पाऊस लागला.
बोंडे झाडावरच सडली.
पंचनाम्याला कोणी आले नाही.

एका ओळीला एक गोष्ट. ओळ एका नजरेत उचलता आली पाहिजे आणि एका श्वासात बोलता आली पाहिजे. निवेदन वेगळे लिहा, ते टेबलावर द्या. बोलायचा कागद वेगळा. आकडे मात्र दोन्हींत अगदी तेच असू द्या, नाहीतर आमच्या चार आणि पाच क्विंटलसारखे होईल.

अशा तुटक ओळी लिहिण्यात कमीपणा नाही. इंग्लंडचा चर्चिल (आपल्याला स्वातंत्र्य द्यायला हा माणूस तयार नव्हता, पण बोलायला पक्का होता) तरुणपणी भाषणे पाठ करून जायचा. २२ एप्रिल १९०४ रोजी भर पार्लमेंटात त्याचा धागा तुटला. पुढचे आठवेना. धडपडला आणि तसाच खाली बसला. तिथून पुढे मोठ्या भाषणाला तो पुरता लिहिलेला कागद घेतल्याशिवाय उभा राहिला नाही. आणि त्याच्या कागदावर ओळी कशा असत? चर्चमधल्या स्तोत्रांसारख्या, तोडून तोडून, पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेल्या. म्हणजे त्यानेही शेवटी पोथीच केली म्हणा ना.

आपल्या बोलीला घाबरू नका. घरी पऱ्हाटी म्हणत असाल तर कागदावर पऱ्हाटी लिहा. 'कपाशीचे झाड' लिहिले की तुमची जीभ तिथे अडखळणार. ज्या शब्दाला वाचताना दोनदा अडलात तो शब्द खोडा आणि तुमची आजी जो शब्द वापरेल तो घाला. अधिकाऱ्याला पऱ्हाटी कळते. कळत नसेल तर तो कापसाच्या जिल्ह्यात कशाला बसला आहे?

आकड्यांचे आणखी एक. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये जाहीर झाला, मध्यम धाग्याचा ७७१० आणि संकरित ज्वारीचा ३६९९. हे आकडे कागदावर आकड्यात लिहू नका, अक्षरात लिहा. आणि बाजारात बोलता तसे लिहा : एक्क्याऐंशीशे दहा, सत्त्याहत्तरशे दहा, छत्तीसशे नव्व्याण्णव. नुसते आकडे पाहून वाचायला गेले की एकं-दहं मनात सुरू होते आणि जीभ अडखळते. आणि पाच मिनिटांत तीनच आकडे. तीनाहून जास्त आकडे कोणाच्या डोक्यात राहत नाहीत, बाकीचे निवेदनाला जोडलेल्या तक्त्यात जाऊ द्या. ए-दोन, सी-दोन असली अक्षरे तोंडी एकदाच उच्चारा आणि लगेच त्यांचा अर्थ सांगा : खिशातला पैसा, घरची मजुरी, जमिनीचा खंड. ऐकणाऱ्या दहा जणांत एखाद्यालाच ती अक्षरे ठाऊक असतात, आणि तो बहुधा आपल्या विरुद्ध बाजूला बसलेला असतो.

कागद कसा धरावा हेसुद्धा सांगण्यासारखे आहे, कारण माणसे तिथेच फसतात. जाड कागद घ्या, पातळ कागद हाताचा कंप दाखवतो. एकाच बाजूला लिहा. अक्षर एवढे मोठे की कागद पोटाशी धरला तरी वाचता येईल. खालचा चौथा भाग कोरा सोडा, म्हणजे नजर फार खाली जात नाही आणि हनुवटी छातीला टेकत नाही. वाक्य पानावर संपू द्या, अर्धे या पानावर आणि अर्धे त्या पानावर नको. पानांना मोठे नंबर घाला. टाचणी मारू नका, वाचून झालेले पान बाजूला सरकवा. मोकळ्या जागेत सभा असेल तर दोन खडे खिशात ठेवा. हसू नका. आमच्या एका गड्याचे तिसरे पान वाऱ्याने उडून थेट रसवंतीत गेले आणि तो दुसऱ्यावरून चौथ्यावर आला. मागणी आधी आली आणि तक्रार आलीच नाही.

चष्मा असेल तर तो आधी घाला, उभे राहून शोधू नका. संध्याकाळची सभा असेल तर वीज जाणार हे धरून चाला आणि बॅटरी सोबत ठेवा. आता पोरे मोबाईलवरून वाचतात. आमचे त्याला ठाम नाही आहे. पडदा मधेच काळा होतो, बोटाने भलतीच ओळ वर येते आणि नेमका त्याच वेळी कोणाचा तरी फोन येतो. शिवाय समोरच्याला वाटते, हा आमच्याशी बोलतो आहे की निरोप वाचतो आहे? मोबाईलवर लिहा, हरकत नाही, पण तालुक्याला जाऊन छापून घ्या.

माईक तोंडापासून चार बोटे, जरा बाजूला. मान वर-खाली होते तेव्हा आवाज माईकच्या बाहेर जातो, म्हणून कागद उंच धरा, छातीच्या वर, पण तोंड झाकेल इतका नाही. माईक नसेल तर सर्वांत मागच्या माणसाला सांगतो आहोत असे समजून बोला. ओरडण्याची गरज पडत नाही.

घरी तालीम करा, आणि ती मोठ्याने करा. मनातल्या मनात वाचलेले हिशेबात धरू नका. मनात सगळेच भाषण सुंदर होते. भाकरी थापणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. तिने हात थांबवून वर पाहिले तर ती ओळ चांगली. 'काय म्हणालात?' असे विचारले तर ती ओळ मोडून पुन्हा लिहा. घड्याळ लावून आम्ही पाहिले आहे, न धावता वाचले तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांना पाचशे शब्द धरा, आणि त्यातलेही शंभर काढून टाका, कारण टेबलापलीकडचा माणूस मधे बोलणारच. मधे बोलला तर ज्या ओळीवर आहात तिथे बोट ठेवा, मान वर करा, उत्तर द्या आणि बोटापासून पुढे चला. कागद नसलेल्या माणसाला ही सोय नसते. तो प्रश्नाबरोबर वाहून जातो. आम्ही गेलो होतो.

आता एका ताईंची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही.

शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मदत मिळण्याची जी पद्धत राज्यात २००६ च्या शासन निर्णयाने लागू झाली, तिच्यात १ लाख रुपये मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार मुदत ठेवीत. मिळतात ते 'पात्र' ठरलेल्यांना. पात्र की अपात्र, हे जिल्ह्याची समिती कागद पाहून ठरवते. या ताईंचे प्रकरण अपात्र ठरले होते. कर्ज होते, नापिकी होती, पण कोणत्या तारखेला काय झाले, याची सांगड कागदावर कोणी घातली नव्हती. एका जनसुनावणीत त्या बोलणार होत्या.

आमच्यातल्याच काहींचे म्हणणे पडले की त्यांना कागद देऊ नका, मनातले बोलू द्या, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यांनाही रडू यावे अशी काहींची इच्छा होती, हे कबूल केले पाहिजे. विधवेचे रडणे फोटोला बरे पडते. ताई एवढेच म्हणाल्या, 'मला रडायचं नाही. मला तारखा सांगायच्यात.'

त्या सातवी शिकलेल्या. त्यांच्या मुलीने वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात अकरा ओळी लिहून दिल्या. पहिल्या ओळीत कर्ज घेतल्याची तारीख. दुसऱ्या ओळीत पहिली पेरणी. तिसऱ्या ओळीत ती मोडल्याचे आणि दुबार पेरणीचे बी उसने आणल्याचे. चौथ्या ओळीत वसुलीची नोटीस. असे शेवटपर्यंत. आठ दिवस रोज रात्री मुलीपुढे त्यांनी त्या वाचल्या.

सुनावणीत त्या उभ्या राहिल्या, कागद दोन्ही हातांनी धरला. सातव्या ओळीवर त्यांचा आवाज बंद झाला. सभागृहात कोणी हलले नाही. आम्ही उठून पाण्याचा पेला द्यायला निघालो होतो, पण त्यांच्या बोटाकडे लक्ष गेले. बोट सातव्या ओळीवरच होते. मग त्यांनी मान वर केली, टेबलाकडे पाहिले आणि तीच ओळ पहिल्यापासून वाचली. त्या ओळीत फक्त एक तारीख होती आणि 'सकाळी सहा वाजता' एवढे शब्द होते. पुढच्या चार ओळी त्यांनी त्याच आवाजात वाचून संपवल्या. रडल्या त्या बाहेर येऊन, मुलीच्या गळ्यात पडून.

कागद नसता तर त्या सातव्या ओळीवरून परत येऊ शकल्या नसत्या. असे आम्ही म्हणत नाही, त्याच म्हणाल्या.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तो कागद मागून घेतला. ताईंनी दुसरी प्रत दिली, पहिली स्वतःजवळ ठेवली. दिलेल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का मिळेपर्यंत मुलगी टेबलाजवळून हलली नाही. प्रकरण फेरचौकशीला गेले, त्याला पुढे अकरा महिने लागले आणि मधे दोनदा कागद सापडत नसल्याचे सांगण्यात आले. दोन्ही वेळा ताईंनी शिक्क्याची प्रत पुढे केली. वाचलेल्या भाषणाचा हा फायदा तोंडी भाषणाला कधीच नाही. तुम्ही जे बोललात तेच लिहून घेतले गेले की नाही, हे दाखवायला तुमच्याजवळ काहीतरी उरते. तेव्हा प्रत्येक वेळी दोन प्रती, आणि आपल्या प्रतीवर पोच.

एक शंका दुपारी येईलच, म्हणून आताच बोलतो. कागद सोडून कधी बोलायचेच नाही का? बोलायचे. पण कुठे सोडायचा ते आधी ठरवून समासात खूण करा. स्वतःच्या शेतातली एखादी गोष्ट असेल, तिला कागद लागत नाही. ती सांगताना पान खाली ठेवा, दोन्ही हात मोकळे करा, सांगा, आणि परत येताना कोणत्या ओळीवर यायचे ते ठाऊक असू द्या. आकडा, तारीख, मागणी आणि कोणाचे म्हणणे आपण सांगत असू तर ते म्हणणे, या चार गोष्टी मात्र कागदावरूनच. आमचा हा कागद पाहा, यात तीन खुणा आहेत. रसवंतीची गोष्ट सांगताना आम्ही कागद सोडला होता. तुमच्यातल्या कितींच्या ते लक्षात आले?

आता जेवायला तासभर आहे. प्रत्येकाने आपापल्या तालुक्याचा एक विषय घ्यायचा. कापूस घ्या, ज्वारी घ्या, वीज घ्या, रस्ता घ्या, आणि वीस ओळी लिहायच्या. शाई-कागद तिकडे सतरंजीवर ठेवले आहेत. जेवणानंतर पाच-पाच जण त्या लिंबाखाली बसतील. एक वाचेल, चौघे ऐकतील, आणि ऐकणाऱ्यांनी त्याला तीन आकडे परत सांगायचे. सांगता आले नाहीत तर वाचणाऱ्याने पुन्हा लिहायचे. ऐकणाऱ्यांना रागवायचे नाही.

पहिला नंबर मागच्या रांगेतल्या त्या कोपर मारणाऱ्यांचा.